उमेदवारीची पारख

लोकशाहीत राजा कोण, असे विचारल्यास आपण तत्काळ 'मतदार' असे उत्तर देतो. परंतु हा राजा पानावर बसतो तेव्हा पान आधीच वाढलेले असते. त्या वाढणाऱ्या पक्षांवर कोणते नैतिक बंधन आहे, याचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो.

हिंगोली मतदारसंघाचे उदाहरण घेऊ. 2024 च्या लोकसभा निवडणुकीसाठी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांचे नाव मार्चअखेरीस जाहीर केले. मित्रपक्ष भाजपच्या स्थानिक मंडळींनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत ती उमेदवारी बाबुराव कदम कोहळीकर यांस देण्यात आली. पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांस शेजारच्या यवतमाळ-वाशीममध्ये उभे करण्यात आले. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. हिंगोलीत ठाकरे यांच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले.

मतदारांनी निकाल दिला, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. परंतु पराभवाने निवड चुकीची ठरत नाही, आणि विजयाने ती न्याय्यही ठरली नसती. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोहळीकर हदगावचे आमदार झालेच. युतीत देवघेव अटळ असते; नाव बदलणे हाही स्वतः दोष नव्हे. दोष हा की, ज्याच्या नावाने हा सारा व्यवहार चालतो त्या मतदारास त्याचे कारण सांगण्याचे बंधन पक्षावर नाही. ज्यांच्यावर फौजदारी खटले आहेत अशांच्या निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत, आणि केवळ निवडून येण्याची शक्यता हे कारण पुरेसे मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावले. म्हणजे आरोपीस निवडण्यास कारण द्यावे लागते. सज्जनास वगळण्यास मात्र नाही!

याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानतात. गोरोबाकाकांनी संतमंडळीची थापटण्याने पारख केली व नामदेवांस कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती पारख सर्वांदेखत झाली आणि पारखणारा मडक्यांचा जाणकार होता. आपले उणे कळले म्हणूनच नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. बंद दाराआड वगळलेल्या उमेदवारास ही वाट उरत नाही. तो बंडाची किंवा भरपाईची वाट धरतो. पक्षांनी पारख अवश्य करावी. परंतु ती मतदारांदेखत करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.