एक संत्रं, सावकाश

एकच संत्रं घ्या. पिशवीत दोन किलो असतील, तरी आज एकच. बाकीची परडीत राहू द्या. ऊन येतं अशा जागी बसा. नागपुरात फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन पाठीला हवंसं वाटतं. आणखी पंधरा-वीस दिवसांनी ते तसं राहणार नाही. शेजारी तांब्या भरून ठेवा. पाणी आत्ता पिऊ नका. त्याची वेळ पुढे आहे.

संत्रं तळहातावर ठेवा आणि डोळे मिटा. आधी फक्त वजन जाणवू द्या. रसानं भरलेलं संत्रं त्याच्या आकारापेक्षा जड लागतं. कळमन्याच्या बाजारात जुने खरेदीदार दोन हातांत दोन फळं घेऊन क्षणभर गप्प उभे राहतात ते यासाठीच. डोळ्यांना जे कळत नाही ते तळहाताला कळतं. बोटांनी अगदी हलकं दाबा. साल थोडी सैल आहे, आतल्या फळापासून सुटून जरा अलगद राहिलेली. हा दोष नाही, ही नागपुरी संत्र्याची ओळख आहे. मोसंबीला सुरी लागते, संत्र्याला अंगठा पुरतो.

आता डोळे उघडा आणि रंग पाहा. फेब्रुवारीत तुमच्या हाती आलेलं फळ बहुधा मृग बहाराचं असेल, चांगलं केशरी. हा रंग थंड रात्रींनी चढवलेला असतो. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री येतात तेव्हा रात्री अजून तितक्या गार झालेल्या नसतात, म्हणून कितीतरी फळं आतून गोड असूनही बाहेरून हिरवट राहतात. बाहेरगावचा माणूस ती बाजूला सारतो. आमच्या घरी तीच आधी उचलली जायची. रंगावरून गोडीचा निवाडा करायची घाई करू नये, हे मला पहिल्यांदा संत्र्यांच्या ढिगाशी बसून कळलं.

सालीवर नख लावायच्या आधी थोडं थांबा. या फळापाशी पोहोचायचं तर नऊ महिने मागे जावं लागेल.

मे महिना. काटोलकडचा बगीचा. जमीन तापलेली, दुपारी वारासुद्धा भट्टीसारखा. माझ्या मामांच्या बगीच्यात मोटार होती, विहिरीत अजून पाणी होतं, आणि झाडं मात्र कोरडी उभी होती. पानं दुपारी कोमेजून खाली वळलेली, काही पिवळी पडून गळलेली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते पाहवेना. मी बादली भरली आणि बुंध्याकडे निघाले, तर मामांनी हात धरला.

“नको टाकू पाणी. तहान लागू दे त्याले.”

“मामा, मरन न झाड!”

“मरत नाही. मी पाहून राहिलो न रोज.”

त्या ‘पाहून राहिलो’चा अर्थ मला फार उशिरा समजला. बागाईतदार याला ‘ताण देणं’ म्हणतात. संत्र्याच्या झाडाला पाणी सतत मिळत राहिलं तर ते पालवत राहतं, हिरवंगार दिसतं, पण एकदम भरून फुलत नाही. फुलण्यासाठी त्याला आधी थांबावं लागतं. म्हणून पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. झाडाची वाढ थबकते, अन्न खर्च न होता फांद्यांत साठत राहतं. मग मृगाचा पाऊस पडतो किंवा विहिरीचं पाणी सुटतं, आणि नव्या नवतीबरोबर कळ्या फुटतात. जूनमध्ये ताण तुटला तर तो मृग बहार, आणि डिसेंबरच्या थंडीत ताण बसून जानेवारी-फेब्रुवारीत फुललं तर तो आंबिया. आंब्याला मोहोर येतो त्याच दिवसांत येणारा, म्हणून त्याचं नाव आंबिया.

इथे एक श्वास घ्या, सावकाश. शेजारी तांब्या आहे. घशाला थोडी कोरड जाणवत असेल तर जाणवू द्या. तिला नाव देऊ नका, तिच्याशी भांडू नका.

मला या जागी नेहमी सफरचंद आठवतं. ऑक्टोबरात नागपूरच्या हातगाड्यांवर हिमाचलची, काश्मीरची लाल रॉयल डेलिशिअस चढतात, आणि लहानपणी वाटायचं, आपल्याकडे हे का पिकत नाही? सफरचंदाच्या त्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तासांची खरी थंडी लागते. पानं झाडून, पूर्ण झोपून, तेवढी थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्याचे डोळे नीट उघडत नाहीत. विदर्भात बर्फ कुठून आणणार? पण विदर्भाकडे तहान आहे. तिकडच्या झाडाला जे काम गारठा करतो, ते इकडच्या झाडाकडून बरंचसं कोरडेपण करवून घेतं. दोन्ही गोड फळांच्या आधी एक थांबणं आहे. प्रत्येक मुलूख आपल्यापाशी जे असेल त्यातून झाडाला थांबवतो.

आता नख लावा. देठाच्या बाजूनं नाही, खालच्या बाजूनं. साल फाटताना जो बारीक फवारा उडतो तो उन्हात तिरका धरून पाहा. तेलाचे कण आहेत ते. सालीवरच्या प्रत्येक बारीक खड्ड्याखाली तेलाची एकेक कुपी असते. लहानपणी आम्ही ती साल मेणबत्तीच्या ज्योतीसमोर पिळायचो. चिरचिर करत ठिणग्या उडायच्या. एकमेकांच्या डोळ्यांतही उडवायचो आणि मार खायचो. आज फक्त वास घ्या. पहिला वास तीक्ष्ण, जवळजवळ कडू. त्यामागून एक मऊ वास येतो. त्या दुसऱ्या वासासाठी थांबा.

याच वासाची एक पुढची पायरी आहे, ती बगीच्यातच मिळते. बहार फुटला की पांढऱ्या, जाडसर पाकळ्यांच्या फुलांनी अख्खं शिवार भरून जातं. वरुड-मोर्शीच्या रस्त्यानं आंबिया बहारात एसटीनं जाताना खिडकी उघडी ठेवा. गाव दिसायच्या आधी वास येतो. त्या पट्ट्याला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. मला ते नाव कधी आवडलं नाही. वरुड वरुडच आहे. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून किती बगीच्यांना कलमं गेली याचा हिशेब त्या मातीला दुसऱ्या कुणाच्या नावाची गरज पडू देत नाही.

कलमाचंही थोडं पाहून घेऊ, कारण ते या फळाच्या आत आहे. तुमच्या हातातलं संत्रं ज्या झाडाचं आहे, त्याची मुळं बहुधा संत्र्याची नाहीतच. ती जंबेरीची असतात. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं, आंबट लिंबू. आधी जंबेरीचं रोप वाढवतात, मग त्याच्या खोडावर इंग्रजी ‘टी’सारखी चीर देऊन संत्र्याचा एक डोळा बसवतात आणि पट्टीनं बांधतात. डोळा धरला की वरचं जंबेरी छाटून टाकतात. पुढे वीस-पंचवीस वर्षं, जमिनीखाली आंबट झाड पाणी शोधत राहतं आणि जमिनीवर गोड झाड फळत राहतं. जोड जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवायचा, माती त्याला लागू द्यायची नाही; लागली की बुरशी शिरते, खोडातून डिंक ओघळू लागतो. त्याला डिंक्या म्हणतात. पावसाळ्याच्या आधी खोडांना निळसर बोर्डो मलम लावलेले बगीचे तुम्ही पाहिले असतील. ओळीनं उभी असलेली, गुडघ्यापर्यंत मलम लावलेली झाडं.

हे झाड इथलं मूळचं नाही. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून संत्र्याची रोपं आणवून आपल्या परसबागेत लावली, असं सांगितलं जातं. एका राजाच्या परसातून ते शिवारात आलं, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरला पसरलं, वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात गेलं आणि तिथलंच होऊन बसलं. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अमरावती रोडवर 1985 पासून लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे. रेल्वे स्टेशनच्या पूर्वेकडे उतरलात तर त्या भागाचं नावच संत्रा मार्केट. पाहुणा म्हणून आलेल्या झाडानं शहराला नाव दिलं, हे मला पुन्हा पुन्हा आठवावंसं वाटतं.

साल निघाली. ती टाकू नका, बाजूला ठेवा. आतलं फळ पांढऱ्या धाग्यांच्या जाळीत गुंडाळलेलं आहे. एक धागा धरून सावकाश ओढा. मध्येच तुटला तर तुटू द्या. फोडी मोजा, साधारण दहा ते बारा भरतील. त्यातली एक वेगळी करा आणि उन्हासमोर धरा. पातळ पडद्याआड रसाचे लांबट दाणे दिसतात, एकाला एक चिकटून बसलेले, आणि कुठेतरी एका बीची सावली.

फोड तोंडात ठेवा. चावू नका. जिभेवर गार स्पर्श येऊ द्या. मग हळूच दाबा.

आधी गोडी येते, मग तिच्या पाठून आंबटपणा, आणि तो गेल्यावर गोडी परत येते, थोडी वेगळी होऊन. नुसतं गोड असतं तर दुसरी फोड हातात घ्यावीशी वाटली नसती. ही गोडी झाडावरच झाली आहे. आंबा आढीत घालता येतो, चिकू पेंढ्यात ठेवता येतो, सफरचंदसुद्धा तोडल्यावर आपल्यातलं पीठ साखरेत उतरवत राहतं. संत्र्याला ते जमत नाही. झाडावरून उतरलं त्या क्षणी त्याच्यात जितकी गोडी असेल तितकीच. घरी आणून, झाकून, वाट पाहून ती वाढत नाही. सगळी वाट देठाला लागलेलं असतानाच पाहावी लागते. म्हणून भाव चढला की आंबट फळ उतरवायची घाई मला खटकते. दोन आठवडे आधी तोडलेलं संत्रं कायमचं दोन आठवडे मागे राहतं.

दुसरी फोड घ्या. ही खाताना मला एक गोष्ट सांगायची आहे, तीही गोडीइतकीच या फळात आहे.

मामांचा तो बगीचा आता नाही. एका वर्षी मृग कोरडा गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही पाऊस कमी झाला. विहीर खोल केली, बोअर मारली. शेजाऱ्यांनीही मारल्या होत्या. पाणी आणखी खाली गेलं. मामांनी टँकरनं झाडं जगवायचा प्रयत्न केला. त्या उन्हाळ्यात फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. ज्या झाडांना मामा मुद्दाम तहानलेली ठेवायचे, त्याच झाडांना द्यायला त्यांच्यापाशी पाणी उरलं नव्हतं. पाऊस आला तेव्हा निम्मी झाडं फुटलीच नाहीत. मामांनी ती स्वतः तोडली नाहीत, माणसं लावली आणि त्या दिवशी शेताकडे फिरकले नाहीत. संत्र्याचं लाकूड पिवळसर, घट्ट असतं. घराच्या मागे ती रास बरेच दिवस पडून होती.

म्हणून तहानेतून गोडी येते असं कुणी सरळ म्हटलं की माझा घास अडतो. ताण आणि दुष्काळ यांत झाड एकच असतं, ऊन एकच असतं, गळणारं पानही तसंच पिवळं असतं. फरक एवढाच, की ताणाच्या वेळी कुणीतरी रोज सकाळी येऊन पाहत असतं. दुपारी मान टाकलेलं पान रात्रीतून सावरतं का? सकाळी ते ताठ उभं असेल तर झाडात अजून दम आहे. सकाळीही मान खालीच असेल तर थांबायचं, त्याच दिवशी पाणी सोडायचं. मामा पहाटे उठून हेच पाहायला जायचे. मी झोपेतून उठायचे तेव्हा त्यांच्या चपला ओट्यावर धुळीनं भरून परतलेल्या असायच्या.

उरलेल्या फोडी आता तुमच्या गतीनं खा. मी बोलत नाही.

बिया तळहातावर घ्या. ओल्या, बुळबुळीत, एका टोकाला निमुळत्या. नागपूरच्या संस्थेनं बिनबियांचं नागपुरी संत्रंही तयार केलं आहे. खायला ते सोपं जाईल. तरी या बियांकडे एकदा नीट पाहा. संत्र्याच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर निघतात, आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईच्या वळणावर जातात. कुंडीत लावलीत तर रोप नक्की येईल. फळासाठी कितीतरी वर्षं थांबावं लागेल आणि काटे खूप असतील. पण पान चुरगळलंत तर हाच वास येईल.

साल उचला. उन्हात वाळत घाला, किंवा नुसती खिशात ठेवा. बोटं नाकाशी न्या.

आता तांब्या घ्या. ताण तोडताना पहिलं पाणी भरभरून देत नाहीत, हलकं देतात. माती नुसती भिजेल इतकं. मामा दंड उघडून फावडं टेकवायचे आणि पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी शिरताना खाली बसून ऐकायचे. कोरडी माती पाणी पिताना बारीक आवाज करते.

एक घोट घ्या.