आहारशुद्धी आणि दिल्लीचा रोल

अन्नाने मन घडते किंवा बिघडते, या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध आधार छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी सापडतो. सनत्कुमार नारदाला उपदेश करताना आहाराच्या शुद्धीतून अंतःकरणाची शुद्धी आणि तिच्यातून स्थिर स्मृती असा क्रम लावतात. आहार म्हणजे नेमके काय, यावर मात्र दोन मोठ्या आचार्यांचे जुळत नाही. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांवाटे जे जे आत येते, म्हणजे शब्द, रूप, गंध, तो सगळा आहार. आणि राग, द्वेष, मोह यांचा डाग न लागता ते आत आले की तो शुद्ध. रामानुजाचार्य ताटातल्या अन्नाबद्दलच बोलतात. श्रीभाष्याच्या आरंभी विवेकाची चर्चा करताना ते अन्नाचे तीन दोष टाळायला सांगतात. पदार्थ मुळातच निषिद्ध असेल, जसा लसूण, तर तो जातिदोष. अन्न ज्याच्याकडून आले त्याच्यामुळे लागतो तो आश्रयदोष. उष्टे झाले, केस पडला, तर निमित्तदोष.

या तिन्ही दोषांची परीक्षा पाहायला दिल्लीतला सीख कबाबाचा रोल फार सोयीचा आहे. परदेशात हॉट डॉग जे काम करतो, म्हणजे लांबट मांस, त्याभोवती पोळी किंवा पाव, वर चटणी-कांदा आणि उभ्याउभ्या खाणे, ते दिल्लीत हा रोल करतो. खिमा ओल्या हाताने लोखंडी शिगेवर थापतात. शीग निखाऱ्यांवर फिरते, चरबी ठिबकते, धूर उठतो. मग रुमाली रोटी हातात धरून तिच्यानेच कबाब शिगेवरून ओढून घेतात. वर पातळ चिरलेला कांदा, पुदिन्याची हिरवी चटणी, लिंबू, चाट मसाला. खिम्यात चरबी कमी पडली की कबाब कोरडा होतो आणि जास्त झाली की शिगेवर टिकत नाही. चांगला कारागीर कळतो तो इथेच. जामा मशिदीसमोर मटिया महाल, 1913 पासूनचे करीम जिथे आहे ती गली कबाबियाँ, निझामुद्दीनची वस्ती, खान मार्केटातले खान चाचा ही ठरलेली ठिकाणे. खरा हॉट डॉग गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमध्ये मिळतो, बहुधा चिकनचा. घरी करायचा तर सॉसेजसाठी जाणकार जोरबागच्या बाजारात जातात.

पहिला प्रश्न जातिदोषाचा. जुन्या दिल्लीत गिऱ्हाईक ‘बडे का’ की ‘छोटे का’ एवढेच विचारते. बडे का म्हणजे म्हशीचे, छोटे का म्हणजे बकऱ्याचे. 1994 च्या दिल्लीच्या कायद्याने गाय, वासरू, वळू आणि बैल यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैस त्या यादीत नाही. तेव्हा ‘बडे का’ कायद्यात बसते, पण सगळ्यांच्या धर्मात बसतेच असे नाही. 1996 च्या ऑक्टोबरात वसंत विहारच्या बसंत लोकमध्ये भारतातले पहिले मॅकडोनाल्ड्स उघडले तेव्हा त्या कंपनीने गोमांस सोडून दिले, अंड्याविना मेयोनेज केले आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाक वेगळा ठेवला. गोमांस वगळल्याने जातिदोष टळला आणि वेगळ्या भांड्यांनी निमित्तदोष. रामानुजांचे वर्गीकरण एका अमेरिकी कंपनीने न वाचताच पाळले म्हणायचे.

सॉसेजमध्ये हाच प्रश्न दिसेनासा होतो. आत चिकन आहे हे पाकिटावर छापलेले असते, पण चिकन भरायला आवरण लागते. ते मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचे असू शकते, कोलॅजेनचे असू शकते, आणि कोलॅजेन बहुतेक वेळा गुरांच्या कातड्यापासून काढतात. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे आवरण वापरले तर शिजवल्यावर ते सोलून टाकतात. म्हणजे तीन सॉसेज चवीला सारखी आणि धर्माच्या दृष्टीने तीन वेगळी. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नेमका असाच मुद्दा आला होता, सॉसेजचा नव्हे, तर खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या घटकांचा. ई 631 सारखा स्वादवर्धक मांसापासून किंवा माशापासून येऊ शकतो, मग केवळ सांकेतिक क्रमांक छापून कसे चालेल? घटक कितीही थोडा असो, त्याचा उगम प्राणिज की वनस्पतिज हे सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालयाने त्यासाठी धर्मस्वातंत्र्याच्या हक्काचाही आधार घेतला. पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि तपकिरी खूण याच विचारातून आल्या आहेत. पण या खुणा फक्त जातिदोषापुरत्या बोलतात. अन्न कोणाच्या हातचे आहे, हे ठिपका सांगत नाही.

आश्रयदोष बदलला तो असा. पूर्वी तो स्वयंपाक करणाऱ्याच्या जातीवर ठरे, आणि पंगतीतला भेदभाव त्यातूनच पोसला गेला. बंगला साहिब गुरुद्वाराच्या लंगरात सगळ्यांना एका ओळीत जमिनीवर बसवतात, ते या दोषाला शिखांनी दिलेले उत्तर आहे. तरी त्याच शीख परंपरेत, रहत मर्यादेनुसार, ‘कुट्ठा’ म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेले मांस दीक्षित शिखाला वर्ज्य आहे. मुसलमानाला नेमके उलट, हलालच हवे. बकरा एकच, पण सुरी कशी फिरली आणि कोणते नाम घेतले यावर तो कोणाच्या ताटात जाईल हे ठरते. दक्षिण दिल्ली महापालिकेने 2021 च्या सुरुवातीला उपाहारगृहांनी मांस हलाल की झटका याची पाटी लावावी असा ठराव केला, तेव्हा आश्रयदोष पालिकेच्या कामकाजात शिरला. पाटी लावण्यात गैर काही नाही, खाणाऱ्याला माहिती मिळते. मात्र अशी पाटी माहितीसाठी आहे की दुकानदार कोण हे ओळखण्यासाठी, हे ती वाचणाऱ्याच्या मनावर ठरते, आणि त्यावर ठरावाचा इलाज नाही.

रोलवरचा कांदा हा बिनमांसाचा, तरी मांसाइतकाच वादग्रस्त. मनुस्मृतीने द्विजांना लसूण-कांदा वर्ज्य सांगितला. गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या तामस अन्नाच्या वर्णनात मात्र कांद्याचे नाव नाही. तिथे शिळे, बेचव, दुर्गंधी, उष्टे असे गुण सांगितले आहेत. म्हणजे रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला सात्त्विक पराठा गीतेच्या कसोटीला निखाऱ्यावरून आत्ता उतरलेल्या कबाबापेक्षा फारसा सरस ठरेलच असे नाही. महाराष्ट्राने यातून वाट काढली ती पंचांगाने: आषाढातल्या कांदेनवमीला भजी-थालीपिठे करून कांदा संपवायचा आणि चातुर्मासात तो सोडायचा. कांदा वाईट नाही, वेळ ठरलेली आहे. त्याच मातीतल्या सावता माळींना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला होता.

नवरात्रात दिल्लीत मांसाची गर्दी ओसरते आणि सोया चापच्या गाडीकडे वळते. चाप म्हणजे सोयाबीन आणि मैद्याची पट्टी काडीवर गुंडाळून उकडलेली. ती मलई किंवा मसाला लावून तंदुरात भाजतात आणि त्याच रुमाली रोटीत गुंडाळतात. कांदा-लसूण काढला की रामानुजांच्या कसोटीने जातिदोष उरत नाही. पण भाजणारा, वास, काडी, चावण्याचे सुख सगळे मांसाचे. व्रत पाळले गेले का?

या प्रश्नाचे उत्तर दहाव्या शतकातच देऊन झाले आहे. सोमदेवसूरीने 959 मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकात यशोधर राजा आईच्या आग्रहामुळे खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी देतो, आणि त्याचे फळ म्हणून त्याला व आईला अनेक जन्म पशुयोनीत काढावे लागतात. जैन कथेचा न्याय कडक आहे: मारण्याचा संकल्प झाला की पीठ आणि रक्त यांत फरक राहत नाही. उलट माध्व परंपरेने यज्ञात पिठाचा पशू हाच योग्य पर्याय मानला, आणि मराठी घरांत नवरात्रात बकऱ्याऐवजी कोहळा कापतात तोही त्याच समजुतीने. दोन्ही बाजूंना बळ आहे. पण मलई चाप खाणारा मारण्याचा संकल्प करत नाही, तो फक्त चवीची आठवण जागवतो. यशोधराची शिक्षा त्याला लावणे अतिरेकी ठरेल. व्रताचा हेतू जिभेची ओढ कमी करणे हा असेल, तर मात्र चापने तो साधत नाही.

शंकराचार्यांचा अर्थ घेतला की वादाचे क्षेत्र ताटाबाहेर जाते. चांदणी चौकाच्या टोकाला लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैनांचे लाल मंदिर आहे. त्याच आवारात पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्षी दाखल करून घेतात आणि शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार करतात. तिथून जामा मशीद पायी जाण्याच्या अंतरावर. जैन श्रावक सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतो, आणि मटिया महालच्या निखाऱ्यांना रंग चढतो तो सूर्यास्तानंतर. इतकी वर्षे दोघांनी वेळ वाटून घेतल्यासारखी घेतली आहे. एप्रिल 2022 च्या चैत्र नवरात्रात दक्षिण दिल्लीच्या महापौरांनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याची मागणी केली. देवीला जाणाऱ्यांना वाटेत मांसाच्या वासाचा त्रास होतो, हे त्यातले एक कारण होते. वास हाही आहार, हे शंकराचार्यांना मान्य झाले असते. पण त्यांच्या भाष्यात अशुद्धी वासात नाही, तो घेणाऱ्याच्या राग-द्वेषात आहे, म्हणून उपायही त्याच्याच मनावर करायचा. महापौरांच्या मागणीत आहाराची व्याख्या शंकराचार्यांची होती आणि इलाज रामानुजांचा, शिवाय तो स्वतःच्या ताटापुरता न ठेवता दुसऱ्याच्या दुकानावर लावलेला. रामानुजांचा विवेक साधकाने स्वतःसाठी करायचा आहे. शेजाऱ्याच्या शिगडीवर त्याचा अंमल बसवायला त्या प्रकरणात जागा नाही.