संमती कोणाची?

बारामतीत एका जुम्म्याच्या नमाजनंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, बोकडाची संमती कोण घेतो? आणि एखादा माणूस स्वखुशीने स्वतःचे मांस देत असेल, तर ते हराम का?" त्याने जर्मनीतील २००१ सालची घटना वाचली होती. मरणाऱ्याचा होकार होता, मारणाऱ्याने त्याचे मांस खाल्ले, आणि तरीही २००६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. वाचकहो, असे विचारणाऱ्या मुलाला दटावून गप्प बसवू नये. प्रश्न खरा आहे.

बोकडाला होकार देता येत नाही, नकारही देता येत नाही. म्हणूनच जुबह करणारा स्वतःच्या अधिकाराने सुरी चालवत नाही. 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणणे म्हणजे त्या जिवाच्या खऱ्या मालकाच्या परवानगीने हात पुढे करणे होय. ही परवानगीही बेबंद नाही. सुरीला धार लावा, जनावराला यातना होऊ देऊ नका, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची ताकीद सहीह मुस्लिममध्ये आहे.

आता माणसाचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाच्या आज्ञेने संकलित झालेल्या 'फतावा आलमगिरी' या हनफी ग्रंथात नेमका हाच मसअला आला आहे. एक माणूस भुकेने मरणाच्या दारी आहे, त्याला मेलेले जनावरदेखील मिळत नाही. दुसरा त्याला म्हणतो, माझा हात तोड आणि खा. निर्णय असा की, त्याला तसे करता येणार नाही, आणि त्या दुसऱ्याची अनुज्ञाही वैध नाही. हा मसअला मला निव्वळ कल्पनेतला वाटत नाही. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खन आणि गुजरातेत माणसे माणसांना खाऊ लागली, असे शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने नोंदवले आहे. सुपे, इंदापूर हा आपला मुलूख त्याच दख्खनचा. (कोकणातील आपल्या शाफई बांधवांच्या फिक्हमध्ये अशा प्राणसंकटात मृताच्या मांसाबाबत काही सवलत आहे, दुसऱ्या निरपराध जिवंत माणसाला कापण्याची मुभा मात्र तेथेही नाही.) देह आपल्याजवळ अमानत आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती परस्पर देऊन टाकली, तर त्याच्या होकाराला काय अर्थ?

मग संमतीला इस्लाममध्ये स्थानच नाही काय? आहे, आणि फार कडक आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस पाहा. एका स्त्रीने प्रेषितांना (सल्ल.) जेवणास बोलावले. घास तोंडात घोळवताच ते म्हणाले की, हे मांस मालकाच्या परवानगीशिवाय घेतलेल्या बकरीचे आहे. चौकशीत कळले की, शेजारी घरी नव्हता आणि त्याच्या पत्नीने बकरी परस्पर पाठवून दिली होती. चोरी नव्हती, किंमत देण्याचीही तयारी होती, जनावर हलाल होते. तरीही प्रेषितांनी (सल्ल.) तो घास गिळला नाही, ते अन्न कैद्यांना देण्यास सांगितले.

त्या तरुणाला मी एवढे सांगितले. घरी परतताना मात्र मलाच दुसरे काही आठवू लागले. सूरह निसामध्ये एकमेकांची मालमत्ता अन्यायाने 'खाऊ' नका, परस्परांच्या राजीखुशीचा व्यवहार असेल तरच घ्या, असा आदेश आहे. तेथे क्रियापद खाण्याचेच आहे. त्याच सूरहमध्ये वारसाहक्कात मुलीचा वाटाही ठरवून दिला आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या रानात ऊस आणला, जमिनीला मोल आले, आणि त्याबरोबर बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेण्याची घाईही आली. "माहेर तुटेल" या एका वाक्यावर किती अंगठे उठले असतील! त्या उसाच्या पैशातून बकरी ईदला बोकड येतो. आपण त्याचे दात तपासतो, कान फाटका नाही ना ते पाहतो, आणि मांसाचा एक हिस्सा त्याच बहिणीकडे पाठवतो.

या ईदला तो डबा घेऊन स्वतः जा. कागदावर सही करताना तुझी मर्जी होती का, हे तिला एकांतात विचारा. भाचे, मेहुणे समोर नसावेत. आणि ती लगेच काही बोलली नाही, तर तिचे मौन होकार म्हणून मोजू नका.