कोणता क्लेमेंते पहिला?

अमेरिकेत बेसबॉलची जुनी कार्डं जमवणारे लोक एकत्र जमले की एक खेळ हमखास रंगतो. एखादा थोर खेळाडू घ्यायचा आणि त्याच्या कार्डांपैकी आपली सर्वांत आवडती पाच किंवा दहा क्रमाने सांगायची. विली मेज, हँक आरन, मिकी मँटल, सँडी कोफॅक्स, कोणीही चालतो. वाद तासन् तास चालतात, कारण प्रत्येकाला आपला क्रम बरोबर वाटतो आणि दुसऱ्याचा ऐकायचाही असतो. मला यातली सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत मोलाची वाटते ती रोबेर्तो क्लेमेंतेची यादी. बाकीच्यांच्या याद्या नुसत्या आवडीनिवडीवर निभावून नेता येतात. क्लेमेंतेची यादी करताना एका गोष्टीबद्दल भूमिका घ्यावीच लागते.

ब्रुकलिनची टॉप्स कंपनी १९५०च्या दशकापासून बबलगमच्या पाकिटात ही कार्डं घालायची. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची आकडेवारी. आपल्याकडेही एके काळी बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल व्हायची. ज्यांनी ती केली आहे त्यांना या छंदाचं मूळ समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच की अमेरिकेत ती मुलं मोठी झाली तरी छंद सुटला नाही. त्यातून बाजार उभा राहिला, लिलाव आले, कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसलंय की नाही हे तपासून १ ते १० असा दर्जा देणाऱ्या संस्था आल्या. दर्जा मिळालेलं कार्ड कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद होतं. मग त्याला बोट लागत नाही.

क्लेमेंतेचा जन्म १९३४चा, प्वेर्तो रिकोतल्या कारोलिनाचा. १९५५ ते १९७२ असे १८ हंगाम तो पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला, मैदानाच्या उजव्या टोकाला, राइट फिल्डमध्ये. तिथून त्याने केलेली फेक हा त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणींचा स्वतंत्र कप्पा आहे. फलंदाजीत चार वेळा तो लीगमध्ये अव्वल ठरला, क्षेत्ररक्षणासाठी त्याला १२ वेळा गोल्ड ग्लव्ह मिळाला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने ३,०००वा हिट मारला. त्यानंतर नियमित हंगामात त्याला आणखी एकही हिट मारता आला नाही. त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंतेने मदत गोळा केली, पण पाठवलेलं सामान तिथल्या सोमोसा राजवटीचे लोक मध्येच लाटतात हे कळल्यावर पुढच्या विमानाबरोबर तो स्वतः निघाला. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून उडालेलं ते क्षमतेबाहेर लादलेलं विमान लगेचच समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेह सापडला नाही.

टॉप्सने १९५५ ते १९७३ या प्रत्येक वर्षी त्याचं कार्ड काढलं. म्हणजे मुख्य मालिकेतली १९ वर्षं. त्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत कार्डावर त्याचं नाव रोबेर्तो क्लेमेंते असं आहे. १९५७ ते १९६९ अशी सलग १३ वर्षं ते बॉब क्लेमेंते असं आहे. १९७० साली पुन्हा रोबेर्तो.

बॉब हे त्याचं नाव नव्हतं. समालोचक आणि वार्ताहर त्याला बॉब, बॉबी म्हणायचे, कारण ते त्यांच्या जिभेला सोपं होतं आणि त्यांच्या मते प्रेक्षकांनाही. तेच वार्ताहर त्याचं इंग्रजी कानाला जसं लागलं तसं, मुद्दाम मोडक्या स्पेलिंगमध्ये छापत, म्हणजे तो अडाणी वाटावा. आपलं नाव रोबेर्तो आहे हे तो सांगत राहिला. इथे १९५५ आणि १९५६च्या कार्डांना फार महत्त्व येतं. कंपनीला नाव माहीत नव्हतं असं म्हणायला ती जागाच ठेवत नाहीत. विशीतला, कुणाला फारसा ठाऊक नसलेला मुलगा होता तेव्हा त्याचं नाव बरोबर छापलं गेलं. तो नावारूपाला येऊ लागला तसं ते बदललं. याला अज्ञान म्हणता येत नाही. बाजारासाठी माणूस सोयीचा करून घेण्याचा हा प्रकार आहे आणि तो मला अज्ञानाहून वाईट वाटतो.

आता यादीकडे येतो. बाजाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: पहिला क्रमांक १९५५च्या १६४ नंबरच्या कार्डाचा, कारण ते त्याचं रूकी कार्ड, म्हणजे पहिलंच कार्ड. बाजाराला आरंभाचं भारी आकर्षण असतं. पण हा नियम बाजार स्वतःही पाळत नाही. मिकी मँटलचं रूकी कार्ड बोमन कंपनीचं, १९५१चं. तरी डोक्यावर घेतलं जातं ते १९५२चं टॉप्स. त्याची एक प्रत ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. त्यामागे एक कथा आहे. १९५२च्या मालिकेचा शेवटचा भाग खपला नाही आणि ते गठ्ठे १९६०मध्ये बोटीतून नेऊन न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवले, असं टॉप्सच्या साय बर्जरने स्वतःच पुढे सांगितलं. दुर्मीळता, कथा आणि देखणेपणा एकत्र आले की पहिलेपणाचा नियम बाजूला ठेवला जातो. म्हणजे किमतीच्या क्रमालाही कारणं असतात. मात्र किंमत ती उघड करत नाही आणि कुणी तिला जाब विचारत नाही. आवडीची यादी सांगणाऱ्याला मात्र ‘का?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. या साध्या खेळाचं मोठेपण मला त्यातच दिसतं.

१९५५चं कार्ड हातात धरलं तर ते आडवं आहे. एकीकडे हसऱ्या तरुणाचा मोठा चेहरा, शेजारी त्याचीच छोटी पूर्णाकृती, मागे हिरवट रंग, कोपऱ्यात पायरेट्सचं चिन्ह. त्या मालिकेतले वरच्या नंबरांचे पत्ते उशिरा दुकानात आले. तोवर मुलांचं लक्ष दुसरीकडे वळलेलं असे, म्हणून ते कमी सापडतात. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी हे कार्ड वर ठेवतो ते त्याखाली छापलेल्या नावासाठी.

दिसण्याचा विचार केला तर १९५७चं ७६ नंबरचं कार्ड अनेक जण वर ठेवतात आणि त्यांची डोळ्याची पारख चुकीची नाही. त्या वर्षी टॉप्सने रंगवलेली चित्रं सोडून सरळ रंगीत छायाचित्रं घेतली आणि कार्डाचा आकार लहान करून आज सर्वत्र चालतो तो केला. ती मालिका शांत, मोकळी, सुंदर आहे. क्लेमेंते पहिल्यांदा बॉब झाला तो याच कार्डावर.

याच मालिकेत हँक आरनच्या कार्डाची निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताने खेळणारा आरन डावखुरा दिसू लागला. प्रत्येक संग्राहकाला हे पाठ असतं. चुकीच्या कार्डांचा या छंदात एक वेगळा वर्गच आहे: चित्र उलटं, फोटो दुसऱ्याचाच, नावाचं अक्षर गळलेलं. त्यांची नोंद ठेवली जाते, त्यावर लेख लिहिले जातात. १९५८च्या मालिकेत काही कार्डांवरची काही अक्षरं पांढऱ्याऐवजी पिवळी छापली गेली. क्लेमेंतेचं कार्डही त्यात आहे आणि पिवळ्या अक्षरांच्या प्रतीला जास्त पैसे मोजले जातात. अक्षराचा रंग बदलला तर इतकी बारीक नजर! पण त्याच कार्डावरचा बॉब चुकीच्या कार्डांच्या वर्गात बसत नाही. १३ वर्षं नियमाने केलेली चूक ही चूक म्हणून मोजलीच गेली नाही. मला हे सांगताना राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

आणखी एक गोष्ट पाहा. टॉप्स आपल्या बड्या खेळाडूंना शंभराचे, पन्नासाचे गोल नंबर देत असे. मुलांनाही ती खूण कळायची. क्लेमेंतेला १९६६मध्ये ३०० नंबर मिळाला, १९६७मध्ये ४००, १९६८मध्ये १५०, १९६९मध्ये ५०. खेळाडू म्हणून त्याची थोरवी कंपनीने मान्य केली होती आणि ती आकड्यातून जाहीरही करत होती. नाव मात्र देत नव्हती.

यावर जुन्या पिढीच्या संग्राहकांचं एक म्हणणं असतं आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. त्यांच्यातला एखादा पिट्सबर्गच्या गल्लीत वाढलेला असतो. त्याच्यासाठी पहिल्या क्रमांकावर १९६५ किंवा १९६८चं गोणपाटासारख्या कडेचं कार्ड असतं, कारण तेच त्याच्या खिशात होतं, त्याचेच कोपरे त्याने झिजवले. त्याने त्या कार्डाला जीव लावला तेव्हा छापलेल्या नावाकडे पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडात कदाचित तेव्हाही रोबेर्तोच असेल. त्याच्या प्रेमात खोट काढायची माझी इच्छा नाही. फक्त इतकंच की आज, सगळं ठाऊक झाल्यावर, तो क्रम सांगताना त्याने नावाबद्दलही बोलावं. कार्ड खाली उतरवावं असं नाही. उलट, ही बॉबची १३ वर्षांची कार्डं जपायला हवीत, कारण कंपनीने काय केलं याचा तो छापील पुरावा आहे आणि त्याच्यावर कुणाला आता पांढरा रंग फासता येणार नाही.

१९७०चं कार्ड बहुतेक याद्यांत तळाला असतं किंवा नसतंच. राखाडी कड, उदास मालिका, मुबलक प्रती. पण त्या राखाडी कडेवर वळणदार हस्ताक्षरासारख्या अक्षरांत नाव परत येतं: रोबेर्तो क्लेमेंते. तोवर काळ बदलू लागला होता. १९६०च्या दशकात टॉप्स खेळाडूला त्याच्या चित्रासाठी वर्षाला १२५ डॉलर द्यायची. मार्व्हिन मिलरच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने फोटो काढून द्यायला नकार दिला आणि १९६८मध्ये ती रक्कम दुप्पट करून घेतली, वर विक्रीतला हिस्साही मिळवला. नाव परत येण्याचा या लढ्याशी थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्या, एवढं खरं.

पुढचं वर्ष काळ्या कडेच्या कार्डाचं. काळा रंग कडेला लगेच उडतो, त्यामुळे चांगली प्रत मिळवणं कठीण आणि म्हणून मागणी मोठी. त्याच १९७१मध्ये पायरेट्सने १ सप्टेंबरला पूर्णपणे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन खेळाडूंचा संघ मैदानात उतरवला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. क्लेमेंतेने सातही सामन्यांत हिट मारले, .४१४ची सरासरी राखली आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जिंकल्यावर दूरदर्शनच्या माइकसमोर तो आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांशी बोलला. अख्खी अमेरिका ऐकत होती. ज्याच्या इंग्रजीची टर उडवली गेली, त्याने त्या क्षणी आपल्या भाषेला पहिला मान दिला.

१९७३चं ५० नंबरचं कार्ड तो गेल्यानंतर दुकानात आलं. त्यावर तो फलंदाजीला उभा आहे आणि पुढच्या बाजूला त्याच्या मृत्यूचा काहीही उल्लेख नाही. त्याच वर्षी, पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. तिथला मानही लॅटिन अमेरिकेतल्या कोणाला पहिल्यांदाच मिळत होता. पण पाटीवर नाव कोरलं गेलं रोबेर्तो वॉकर क्लेमेंते. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं, म्हणजे हवं होतं रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. २००० साली ती पाटी काढून नवी बसवली गेली. धातूची पाटी २७ वर्षांनी का होईना, बदलता येते. कार्ड मात्र लाखो घरांत विखुरलेलं असतं.

तर माझा क्रम. पहिलं १९७०, राखाडी कडेचं, कुणाला आवडो न आवडो. दुसरं १९५५. तिसरं १९५७, कारण त्याचं सौंदर्य नाकारणं हा खोटेपणा होईल आणि ते कार्ड दाखवताना बॉबची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. चौथ्या जागेसाठी १९६६ आणि १९७२ यांच्यात माझं अजून ठरत नाही. १९६६ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण कार्ड त्याआधीच छापून झालेलं, त्यामुळे त्याला ३०० नंबर आहे आणि बॉबही आहे. १९७२च्या कार्डावर आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलून आलेला, नुकताच जगज्जेता ठरलेला रोबेर्तो आहे. कमानीच्या चौकटीतली ती रंगांची उधळण मला कधीच आवडली नाही आणि तरी तेच वर सरकतं आहे.