ठरावाला घाबरणारी सरकारं

28 एप्रिल 1916 ला बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली आणि 1 मे रोजी लोकमान्य टिळकांनी याच गावात स्वराज्यावर भाषण केलं, हे बेळगावकर अभिमानाने सांगतो. पुढचा भाग तो फारसा सांगत नाही. त्या भाषणावरून आणि नंतरच्या नगरच्या दोन भाषणांवरून सरकारने टिळकांना नोटीस काढली, तीही ऐन साठाव्या वाढदिवशी बजावली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी 20 हजारांचा जातमुचलका आणि वर प्रत्येकी 10 हजारांचे दोन जामीनदार मागितले. हायकोर्टात टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि 9 नोव्हेंबर 1916 ला न्या. बॅचलर व न्या. शाह यांनी तो हुकूम रद्द केला. एखादं तिखट वाक्य उचलून माणसाला राजद्रोही ठरवता येत नाही, सबंध भाषणाचा रोख पाहावा लागतो, असं कोर्टाने मानलं. टिळकांचं म्हणणं एवढंच होतं की राजा वेगळा आणि कारभार करणारे साहेबलोक वेगळे. कारभार बदला म्हणणारा काही राज्य बुडवायला निघालेला नसतो.

हा फरक परक्या हायकोर्टाला 1916 मध्ये पटला होता. आपल्याच सरकारांना तो पटवताना मात्र सीमाभागात पिढ्या खपल्या.

ऑक्टोबर 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात घालावा असा ठराव केला. नोव्हेंबरमध्ये महापौर विजय मोरे बंगळुरात गेले असता त्यांच्या तोंडाला काळं फासण्यात आलं. पाठोपाठ कर्नाटक सरकारने काय केलं, तर महापालिकाच बरखास्त केली. निवडून आलेल्या सभागृहात हात वर करून मंजूर झालेला एक कागद सरकारला एवढा झोंबला. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. तशी मागणी लोकांनी ठरावाने करायची नाही, तर कशाने करायची?

यातली गंमत सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाची. 1967 चा तो अहवाल म्हणजे अखेरचा शब्द, असं कर्नाटक आजवर सांगत आलं आहे. त्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं. पण निपाणी, नंदगड, खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि महाराष्ट्रातली 247 गावं तिकडे घ्यावीत, असंही सांगितलं. महाराष्ट्राने तो फेटाळला, ते वेगळं. म्हणजे निपाणीच्या माणसाने उद्या चौकात उभं राहून फक्त कर्नाटकाच्या लाडक्या अहवालाची निपाणीपुरती शिफारस वाचून दाखवली, तरी तो फुटीरवादी ठरायचा!

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. जुलै 2014 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने तो हटवला गेला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पोलिसांनी पुन्हा पाडला आणि लाठ्या चालवल्या. फलक बेकायदा होता असं घटकाभर मानू. लाठी खाणारी माणसंही बेकायदा होती का? 2017 मध्ये कर्नाटकाचे मंत्री रोशन बेग यांनी ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद रद्द करणारा कायदा आणण्याची भाषा केली. डिसेंबर 2021 मध्ये पुतळ्यांच्या विटंबनेवरून बेळगावात दगडफेक, जाळपोळ झाली. तोडफोड करणाऱ्यांना शिक्षा व्हावी, त्यात दुमत नाही. पण तेव्हा काही मराठी कार्यकर्त्यांवर 124-अ, म्हणजे राजद्रोहाचं तेच कलम लावलं गेलं, ज्याच्या आधारे टिळकांकडे जामीन मागितला होता. कर्नाटकाचं विधिमंडळ हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरतं तेव्हा महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा घ्यायला निघते; अलीकडे त्याला परवानगी नाकारली जाते आणि नेते सकाळीच पोलिसांच्या गाडीत असतात. 2018 आणि 2023 च्या निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. सभागृहात आवाज नाही आणि मैदानात परवानगी नाही, अशी ही कोंडी आहे.

इथवरचं सगळं महाराष्ट्रात टाळ्या घेतं. आता ज्यावर टाळ्या पडत नाहीत ते.

2022 च्या अखेरीस, पाण्यावाचून वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या महाराष्ट्रातल्या जतच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला आणि त्यामागोमाग अक्कलकोट तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. रस्ते नाहीत, पाणी नाही, पलीकडे मात्र दिसतं आहे, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. प्रशासनाने त्यांच्याकडे खुलासे मागितले आणि बहुतेकांनी ठराव मागे घेतले. बेळगावच्या ठरावासाठी लोकशाहीची आण घेणारा महाराष्ट्र अक्कलकोटच्या ठरावाला मात्र बंड समजला. जतच्या वाट्याला निदान म्हैसाळ योजनेच्या पाण्याचा विषय तरी पुढे सरकला. म्हणजे जतकरांचा इशारा फुकट गेला नाही. सरकारला टोचलं तर ते हलतं, एवढं त्या गावांनी दाखवून दिलं. मला तर जतकर हे टिळकांचे खरे वारसदार वाटतात, मग भले ते कानडीत बोलोत.

आपल्या सरकारला बोलायचं म्हणजे कुठल्या सरकारला, हा सीमाभागातल्या मराठी माणसाचा जुनाच पेच. कर देतो बंगळुरूला, जीव मुंबईत. बंगळुरूला बोललं की खटला. मुंबईला बोललं, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्याचं काय करता, निवडणूक नसताना आमची आठवण का येत नाही असं विचारलं, की ‘आपली बाजू लंगडी करू नका’ असा सल्ला मिळतो. समितीतल्या गटबाजीवर लिहिलं की सूर्याजी पिसाळ. दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधात 9 जीव गमावलेल्या समाजाला हे शोभत नाही. बाहेरच्या सेन्सॉरला आपण निदान नावं तरी ठेवतो. घरच्याला निष्ठा म्हणतो.

अशा वेळी प्रचारकाचं काम फार सोपं होतं. डिसेंबर 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, एसटी बंद झाली. 14 डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून घेतलं आणि बाहेर येऊन सांगितलं की बड्या नेत्यांच्या नावाने खोटी ट्विटर खाती काढून आग भडकवली गेली, गुन्हे नोंदवले जातील. असेलही तसं. पण ती खोटी ट्विटं खपली कशी? खऱ्या पुढाऱ्यांची भाषाच इतकी भडक होती की वाचणाऱ्याला संशय यायचं कारण नव्हतं.

याच भागाला एक वेगळी रीतही ठाऊक होती. मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. मराठी आणि कानडी एकत्र. मागणी भावाची होती. व्यापाऱ्याने ठरवलेला पडेल भाव आम्ही का घ्यावा, एवढा सरळ सवाल. सरकार गुंडूरावांचं. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी मेले. बळी पडलेल्यांची भाषा गोळीने विचारली नाही, आणि रस्त्यावर बसलेल्यांनीही शेजाऱ्याला ती विचारली नव्हती. सीमाप्रश्नाच्या भाषणांत हे आंदोलन सहसा येत नाही, कारण ते कुठल्याच झेंड्याखाली नीट बसत नाही.

पुढचा महामेळावा जिथे कुठे, ज्या कुठल्या परवानगीने होईल, तिथे समितीने नेहमीच्या ठरावांबरोबर आणखी एक मांडावा, असं मला वाटतं: अक्कलकोटच्या ग्रामपंचायतींना हवा तो ठराव करण्याचा हक्क आहे आणि महाराष्ट्र सरकारने त्यांच्याकडे केलेली खुलाशांची मागणी मागे घ्यावी. अनुमोदन द्यायला मी उभा राहीन. मंडपातून काय ऐकावं लागेल याची कल्पना आहे, आणि मुंबईहून आलेले पाहुणे तेव्हा व्यासपीठावर असतील तर फारच बरं.