रेणू सापडतो, ग्रेड घडवावी लागते

पॉलिमर संशोधनाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की दोनच हिशेब मांडले जातात: पेटंटे किती मिळाली आणि आयात किती घटली. पोलादाहून मजबूत प्लास्टिक बनवल्याची बातमी येते, टाळ्या पडतात. ते प्लास्टिक पुढे कुठल्या यंत्रात बसले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

या चर्चेमागे एक लाडके चित्र आहे. पदार्थ प्रयोगशाळेत पूर्ण होतो, पलीकडे कारखाना, मध्ये दरी. दरीवर पैशाचा पूल बांधला की काम फत्ते. शास्त्रज्ञ, उद्योगपती, मंत्रालय अशा सगळ्यांनाच हे सोयीचे, कारण दोष कोणाचाच नसतो, दरीचा असतो. पण पॉलिमर प्रयोगशाळेत पूर्ण होतच नाही.

पॉलिथिलीन १९३३ साली ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीत अपघातानेच हाती लागले. १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांनी ते कमी दाबाखाली बनवण्याची रीत शोधली. दुधाची पिशवी, पाण्याचा पाइप, बुलेटप्रूफ जाकीट आणि कृत्रिम गुडघ्यातली चकती, सगळ्यांचे सूत्र तेच. फरक आहे तो साखळ्यांच्या लांबीत, त्यांना फुटलेल्या फांद्यांत आणि वितळून थंड होताना त्यांच्यावर काय गुदरले यात. पाइपसाठीची ‘पीई १००’ ही ग्रेड म्हणजे २० अंश सेल्सिअसला ५० वर्षे सतत किमान १० मेगापास्कल ताण पेलण्याची हमी. त्यासाठी पाइपचे नमुने निरनिराळ्या तापमानांना दाबाखाली ठेवतात. त्यातले काही ९,००० तासांहून अधिक, म्हणजे वर्ष उलटून जाईपर्यंत. हे तास पैशाने विकत मिळत नाहीत.

दरीवाल्यांना खरे उत्तर कार्बन तंतूने दिले आहे. साठच्या दशकात जपानचे अकिओ शिंदो आणि ब्रिटनमधली फार्नबरोची प्रयोगशाळा, दोघांकडेही तो बनवण्याची विद्या होती. रोल्स-रॉइसने तो तंतू थेट आरबी २११ या जेट इंजिनाच्या पंख्यात घातला. पक्षी आदळण्याच्या चाचणीत पाती टिकली नाहीत, टायटेनियमकडे वळावे लागले, आणि त्या इंजिनाच्या एकूण खर्चाखाली कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जपानच्या टोरेने तंतूचे व्यापारी उत्पादन सुरू केले. तो आधी गळाच्या काठ्यांत आणि गोल्फच्या दांड्यांत गेला. तिथे मोडला तर फार तर मासा सुटतो. पुढे तो विमानात पोहोचला: बोइंग ७८७चे सुमारे निम्मे वजन कंपोझिटचे आहे आणि त्यातला तंतू टोरेचा. ब्रिटनकडे विज्ञान होते, गिऱ्हाईक होते, सरकारी पैसाही होता. म्हणजे पूल बांधलेलाच होता. नव्हती ती विमानाच्या लायकीची ग्रेड.

कृत्रिम बुद्धिमत्ता नवे पॉलिमर सुचवील म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की सुचण्याची टंचाई कधीच नव्हती.

नवा रेणू क्षुल्लक असतो असे नाही. स्टेफनी क्वोलेक यांचा १९६५चा शोध नसता तर केवलार हा मजबूत तंतू नसता. भांडवलही लागतेच. पण आपले घोडे तिथे अडलेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉलिमरचे उत्तम विज्ञान झाले आहे. घरडा केमिकल्स या भारतीय कंपनीने तर ३४३ अंशांना वितळणारे, धातूची जागा घेणारे पॉलिइथर इथर कीटोन बनवून दाखवले. पुढे तो व्यवसाय बेल्जियमच्या सोल्वेने विकत घेतला. मी त्याचा अर्थ असा लावतो: रेणू इथे जमला, पण वर्षानुवर्षे पुरावा साठवत ग्राहकाच्या दारात उभे राहण्याची ताकद बाहेरच्या कंपनीकडे अधिक होती.

रेणू म्हणजे काय शक्य आहे याचे ज्ञान. ग्रेड म्हणजे प्रत्येक पोत्यातला दाणा सारखाच वागेल हे वचन. पहिल्यासाठी आपल्याकडे पदव्या, पारितोषिके, पेटंटे आहेत. दुसऱ्यासाठी एकच पदार्थ दहा वर्षे ताणत, तापवत, मोडत बसणारा अभियंता लागतो, आणि त्याच्या कामातून शोधनिबंध क्वचितच निघतो. म्हणून निधी देताना नवीन काय, हे नंतर विचारावे. कोणत्या भागासाठी, किती अंशांना, किती वर्षे आणि तपासणार कोण, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो प्रस्ताव औद्योगिक संशोधनाचा नव्हेच. त्याला मूलभूत विज्ञान म्हणून खुशाल पैसे द्यावेत, पण त्याच्याकडून कारखान्याची अपेक्षा धरू नये.