एकाची शांती, दुसऱ्याची जखम

आपल्या सीमाभागात हिंडताना ‘चंगाई सभा’ असे फलक दिसतात. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. चंगाई हा शब्द ख्रिस्ती मराठीत चांगलाच रुळलेला आहे आणि मोठा बोलका आहे. चंगा होणे म्हणजे मोडलेला माणूस पुन्हा धड होणे. मात्र या एका शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते. शरीराच्या रोगाला औषध लागते. प्रार्थनेवर भिस्त ठेवून औषध बंद करणे हा अविचार होय. बेळगाव-निपाणीकडचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या ज्या मिरजेला जातात, तेथे डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले. ते मिशनरी होते, पण रोग्याला बरे करण्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियाच केल्या आणि तेच शास्त्र शिकवलेही. तेव्हा तो विषय येथेच सोडू.

प्रश्न उरतो तो मनाच्या जखमेचा. तिला औषधाच्या दुकानात गोळी नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही; पण ख्रिस्ताच्या श्रद्धेने मन सावरलेल्या माणसांची उदाहरणे आपल्या मराठीत इतकी ठळक आहेत, की शिक्षकाला त्यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८५८ साली कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात त्यांचा जन्म झाला. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी कडेवर आणि मागे कोणी नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ‘बाप्तिस्मा घेतला आणि दुःख संपले’ असे घडले नाही. अंतरीचे समाधान आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षांनी लाभले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. तिकडच्या धर्मगुरूंशीही त्यांनी कडाक्याचे वाद घातले. दिलासा मिळाला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही.

येथे कोणी म्हणेल, ही मनाची समजूत झाली. बुडत्याला काडीचा आधार वाटतो, म्हणून काडी काही नाव होत नाही. आक्षेप खरा आहे. एखाद्या श्रद्धेने मन शांत झाले, एवढ्यावरून ती श्रद्धा सत्य ठरत नाही. नाही तर जगातले सारे धर्म एकाच वेळी सिद्ध झाले असते. पण शांती खरी की भुलीची, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. भूल दिलेला माणूस निजतो, बरा झालेला माणूस कामाला लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली-बायका त्यांनी आणल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर गिळले होते, त्याच्याच दाढेतून त्यांनी दुसऱ्यांच्या मुली ओढून काढल्या. दुःख विसरलेल्या माणसाला हे साधत नाही. दुःख आठवत असूनही त्याच्या हाती न सापडलेल्यालाच साधते. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी पुरे केले.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती अधिक अवघड आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा शोध प्रामाणिक होता. पण त्यांच्या शांतीची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून संसार उधळला, पदरी लहान मूल, लोकांचे टोमणे आणि वेड लागण्याची पाळी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण बाईंची लेखणीच तशी. पण त्या हसण्याखाली काही वर्षांचा वनवास आहे. एकाची चंगाई ही दुसऱ्याची जखम होऊ शकते. श्रद्धेविषयी बोलणारे हे सहसा सांगत नाहीत.

ती जखम भरली कशी? टिळकांनी वाट पाहिली. पुढे दोघे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे त्यांच्याच घरात वेगळे चालले. बाईंच्या मनातला जातीचा विटाळ बाईंच्याच विचाराने गेला, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. घाई झाली असती, तर मराठीला टिळक कवी मिळाले असते, पण लक्ष्मीबाई कदाचित मिळाल्या नसत्या.

हाच धडा १८९३ च्या शारदासदनाच्या वादातही आहे. मुलींना ख्रिस्ती वळण लागते आहे, या तक्रारीवरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी सक्ती करीत नाही. पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मी का लावावे? मला वाटते, दोन्ही पक्षांजवळ सत्याचा अंश होता. आपले दार उघडे ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आत येणारी व्यक्ती अनाथ, भुकेली, आश्रित असेल, तर उघड्या दाराचेही दडपण येते. दिलासा देणाऱ्याने हे ओझे ओळखलेच पाहिजे. दुःखाच्या भरात माणसाकडून घेतलेला होकार पुरता त्याचा नसतो.

हा विषय आपल्या गावाला परका नाही. ‘यमुनापर्यटना’तून १८५७ साली विधवांचे दुःख मांडणारे बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले आणि १८५४ मध्ये येथेच ख्रिस्ती झाले. भाषाही परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठी ओव्यांत निघाले. टिळकांनी आपली भक्ती अभंगांत गायिली आणि ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो असे मानले. दुःख मातृभाषेत होते, म्हणून दिलासाही मातृभाषेतच लागतो, हे दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या घरांना सांगायला नको.

म्हणून घरातले कोणी, एखादी लेक गमावलेली आई, दारूतून सुटू पाहणारा भाऊ, उद्या देवळाऐवजी चर्चची पायरी चढला, तर काय करावे? त्याने घरच्यांना वेळ द्यावा, औषध सोडू नये आणि घरातल्या देव्हाऱ्याची टिंगल करू नये. घरच्यांनी त्याचे ताट वेगळे मांडू नये. तो तिकडे का गेला, याची चौकशी करण्यापूर्वी तो रात्ररात्र जागत होता तेव्हा आपल्यापैकी कोण त्याच्याजवळ बसले होते, हे आपण आठवून पाहावे. बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर सापडले, की निम्मे भांडण तेथेच मिटेल.